फिनलंडला येताय? काय घ्यावं, कुठे घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

इंद्रायणी

फिनलंडमध्ये घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण पर्यटक जिथे फिरतात तिथे ते फारसं मिळत नाही. हेलसिंकीत सिनेट चौकातून बंदराकडे उतरताना फ्रिजवर लावायची चुंबकं, लोकरी टोप्या, रेनडिअरची चित्रं असलेले मग यांची दुकानं लागतात. बरेच पाहुणे पहिल्याच दिवशी तिथे पाकीट रिकामं करून येतात. त्यातल्या कितीतरी वस्तू इथे बनलेल्याही नसतात. आम्ही हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहतो, पाहुण्यांची ये-जा चालू असते, म्हणून जे प्रत्येकाला सांगते ते इथे एकत्र लिहून ठेवते. बाकीच्यांनी भर घाला.

सुरुवात मारिमेक्कोपासून. १९५१ मध्ये आर्मी रातिया आणि त्यांच्या नवऱ्याने ही कापड-कपड्यांची कंपनी सुरू केली. मोठाल्या पाकळ्यांचं ते 'उनिक्को' फूल तुम्ही पिशव्यांवर, कपांवर पाहिलं असेल. आर्मीबाईंनी जाहीर केलं होतं की आपल्याकडे फुलांची नक्षी छापायची नाही. त्यावर माइया इसोला या चित्रकर्तीने १९६४ मध्ये फुलांचीच मालिका काढून समोर ठेवली आणि तीच कंपनीची ओळख झाली. शहरातल्या दुकानांत हे सगळं महाग आहे. पण मेट्रोने हेर्त्तोनिएमी स्टेशनला उतरून थोडं चाललं की कंपनीचं मुख्य कार्यालय आणि कापड छपाईचा कारखाना लागतो, आणि तिथेच त्यांचं आउटलेट आहे. मागच्या हंगामातले कपडे, थोडा दोष असलेली भांडी आणि मुख्य म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे तिथे कमी किमतीत मिळतात. माझं ठाम मत आहे की तयार ड्रेसपेक्षा कापड घ्यावं. सुती कापड जाड आणि टिकाऊ असतं, रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो. दोन मीटरमध्ये उशांचे अभ्रे आणि टेबलावरचं कापड निघतं, शिवाय आपल्याकडचा शिंपी इथल्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत ते शिवून देतो. कर्मचाऱ्यांचं जेवणघर आहे, तिथे कामाच्या दिवशी दुपारी बाहेरच्यांनाही जेवता येतं. ताटल्याही अर्थातच मारिमेक्कोच्या.

दुसरं, काच. ईत्ताला नावाच्या गावात १८८१ पासून काचकारखाना आहे, हेलसिंकीहून ताम्पेरेला जाताना वाटेवर. वास्तुकार आल्वार आल्तो यांनी १९३६ मध्ये आखलेली लाटांसारख्या कडेची फुलदाणी आजही तिथे बनते. मोठी फुलदाणी खिशाला जड जाते, पण त्याच आकाराचे छोटे वाडगे मिळतात आणि ते रोज वापरता येतात.

तिसरं आणि माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं म्हणजे किर्प्पुतोरी, जुन्या वस्तूंचा बाजार. इथे घरातलं सामान टाकून देण्यापेक्षा पुढे देण्याची सवय सगळ्या थरांत आहे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. काही ठिकाणी लोक आठवड्यासाठी एक मांडणी भाड्याने घेतात, वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावतात आणि निघून जातात. आपण वस्तू उचलून काउंटरवर पैसे द्यायचे. अशा ठिकाणी घासाघीस नसते. उन्हाळ्यात हिएतालाहती चौकात उघड्यावर बाजार भरतो, तिथे मात्र विकणारा समोर असतो, त्यामुळे शांतपणे विचारून पाहता येतं. अराबिया कंपनीच्या जुन्या बशा, कप, किटल्या इथे शोधायच्या. अराबियाचा हेलसिंकीतला कारखाना १८७३ मधला. तिथलं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं, आता माल परदेशात बनतो, मूमिन या गोष्टीतल्या पात्रांचे मगही थायलंडमध्ये. म्हणून खरोखर फिनलंडमध्ये घडलेली अराबियाची बशी हवी असेल तर ती जुन्या बाजारातच मिळते. उलटी करून बुडाखालचा शिक्का बघा, त्यावर बहुतेक वेळा 'फिनलंडमध्ये बनवलेलं' असा मजकूर असतो. कडेवरून बोट फिरवा, टवका असेल तर लगेच हाताला लागतो.

नवीन वस्तू घेताना 'आवाइनलिप्पू' बघायचा, म्हणजे निळ्या झेंड्यावर किल्लीचं चित्र. वस्तू फिनलंडमध्ये बनल्याची ती खूण आहे आणि ती तपासणी करूनच दिली जाते.

रानफूल

इंद्रायणी, किती नेमकं लिहिलंत! वाचनखूण साठवली.

आम्ही डिसेंबरमध्ये येतोय. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. चार दिवस हेलसिंकी, मग रात्रीच्या रेल्वेने रोवानिएमी. कपड्यांचं कसं करू? जाड कोट पुण्यात घेऊ की तिथे? सासूबाई साडी नेसतात, त्यांची जास्त काळजी वाटते. आणि सांताच्या गावात खरेदी करावी का?

भटकभवानी

रानफूल, हे मी सांगते. मी ओउलूला राहिले आहे आणि लॅपलंडच्या थंडीशी चांगली ओळख आहे.

कोट घेऊ नका. बर्फातल्या सफरी, हस्की, रेनडिअर, स्नोमोबाइल यातलं काहीही आधी ठरवलंत तर सफरवाले अंगभर सूट, बूट, जाड हातमोजे, हेल्मेट सगळं देतात. बहुतेक वेळा ते भाड्यातच धरलेलं असतं, बुकिंग करताना एवढं विचारून घ्या. शहरात फिरायला वेगळे सूट भाड्यानेही मिळतात. उणे २५ला चालणारा कोट पुण्यात नंतर कधीच बाहेर निघणार नाही.

पैसे खर्च करायचे ते अंगालगतच्या थरावर. मेरिनो लोकरीचे आतले कपडे घ्या, पूर्ण बाह्यांचा वरचा आणि पायजम्यासारखा खालचा. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि मग आतून गार पडतं. सासूबाईंना साडीच्या आत तो खालचा थर, वर लोकरी मोजे आणि मांडीपर्यंत येणारं जाकीट, असं शहरात चालून जाईल. सफरीला मात्र सूटच घालू द्या, त्यात साडी मावत नाही. आधीच सांगून सलवार-कुडता बरोबर घ्या म्हणजे आयत्या वेळी ओढाताण नको.

बूट स्वतःचेच घ्यायचे असतील तर एक नंबर मोठे, आत जाड लोकरी मोजा घालून बघा. बूट घट्ट झाला की बोटांभोवती हवा राहत नाही आणि पाय गारठतो.

आता दोन स्वस्त वस्तू, ज्या उतरल्या उतरल्या घ्यायच्याच. एक, बुटाखाली ओढून बसवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या. हेलसिंकीत बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि फुटपाथची काच होते. सासऱ्यांसाठी तर विचार न करता घ्या. दुसरी, परावर्तक, इथे 'हेइयास्तिन' म्हणतात. जाकिटाला दोऱ्याने लोंबणारा छोटा चकचकीत तुकडा, गाडीच्या दिव्यात उजळतो. डिसेंबरात रोवानिएमीला सूर्य जवळजवळ उगवतच नाही, हेलसिंकीतही दुपारी तीननंतर अंधारतं. अंधारात पायी चालणाऱ्याने परावर्तक लावावा असं इथला वाहतुकीचा कायदाच सांगतो. पायी चालणाऱ्यांचा परावर्तक ही मुळात फिनलंडचीच देणगी. आर्वी लेहती नावाच्या गृहस्थांनी आधी घोडागाड्यांसाठी तो केला आणि १९६०च्या दशकात पादचाऱ्यांसाठी. घुबड, मूमिन, हिमकण, हव्या त्या आकारात मिळतो, वजन काहीच नाही. मुलाच्या वर्गमित्रांसाठी याहून चांगली भेट मला सुचत नाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर सायकलला लावला तर खरंच उपयोग होईल. या दोन्ही वस्तू 'तोकमान्नी'सारख्या स्वस्त दुकानांत किंवा मोठ्या सुपरमार्केटात मिळतात.

सांताचं गाव रोवानिएमीच्या उत्तरेला साधारण ८ किलोमीटरवर आहे, आर्क्टिक वृत्त ओलांडायची रेघ तिथेच आखलेली आहे. तिथल्या पोस्टातून पत्र पाठवा, त्यावर खास शिक्का बसतो. पेट्या दोन असतात, एकीतलं पत्र लगेच निघतं आणि लाल पेटीतलं पुढच्या नाताळाच्या सुमारास घरी पोचेल असं निघतं. मुलाच्या हाताने दोन्हीत एकेक टाका. बाकी तिथली दुकानं बघा, पण खरेदी शहरात करा. आर्क्टिकुम संग्रहालयाजवळ मार्तीनीचं दुकान आहे, १९२८ पासून सुऱ्या बनवणारी कंपनी. बर्चच्या मुठीची छोटी सुरी स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं चालते.

सामी लोकांच्या हस्तकलेबद्दल जरा सांगते, कारण इथे फसगत फार होते. सामी हे उत्तरेचे मूळ रहिवासी. रेनडिअरचं शिंग, चामडं, बर्चच्या गाठीचं लाकूड, कथिलाच्या तारेचं भरतकाम ही त्यांची परंपरा. पर्यटकांच्या दुकानांत त्यांच्या पोशाखाच्या नकला, त्यांच्या टोप्यांसारख्या टोप्या विकल्या जातात, आणि सामी लोकांना त्याचं मनापासून दुःख होतं. खरी वस्तू हवी असेल तर 'सामी दुओजी' ही गोल खूण पाहा, ती सामी कारागिराने बनवलेल्या वस्तूलाच मिळते. उत्तरेला इनारीपर्यंत जाणार असाल तर तिथल्या सायोस केंद्रात त्यांच्या संघटनेचं दुकान आहे. किमती जास्त असतात. पण एक कप घडवायला लाकूड किती महिने वाळवतात ते कळलं की ती किंमत योग्यच वाटते.

खडकवासलाकर

उत्तम धागा. मला टॅक्स-फ्रीचं नीट समजून घ्यायचंय. फिनलंडमध्ये किती टक्के परत मिळतात? आमचं विमान हेलसिंकी–फ्रँकफर्ट–मुंबई आहे, मग कागद कुठे दाखवायचे?

इंद्रायणी

खडकवासलाकर, इथला सर्वसाधारण मूल्यवर्धित कर सप्टेंबर २०२४ पासून २५.५% आहे. तो छापील किमतीत धरलेलाच असतो, काउंटरवर वेगळा लागत नाही. युरोपियन संघाबाहेर राहणाऱ्याने एका दुकानात किमान ४० युरोंची खरेदी केली तर परतावा मागता येतो. पैसे देतानाच 'टॅक्स-फ्री' म्हणा आणि पासपोर्ट दाखवा, नंतर कागद मिळवणं अवघड. हातात २५.५% येत नाहीत हे लक्षात ठेवा. एक तर तो कर मूळ किमतीवरचा असतो, म्हणजे छापील किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा, आणि त्यातून परतावा देणारी मध्यस्थ कंपनी आपलं शुल्क कापते.

वस्तू वापरायची नाही, बांधून दिलेली पिशवी फोडायची नाही. मारिमेक्कोचा ड्रेस घालून फोटो काढायचा मोह घरी पोचेपर्यंत आवरा.

टॅक्स-फ्रीच्या कागदावर कस्टम्सचा शिक्का घ्यावा लागतो. त्याचा नियम असा, की संघाबाहेर पडताना जिथून शेवटचं उड्डाण, तिथल्या कस्टम्सकडे. तुमच्या बाबतीत फ्रँकफर्ट. पण बॅग हेलसिंकीहून थेट मुंबईला जाणार असेल तर त्यातल्या वस्तू फ्रँकफर्टला दाखवणार कशा? म्हणून बॅगेत जाणाऱ्या वस्तूंचं काम हेलसिंकीतच, बॅग सोपवण्याआधी करायचं आणि हातातल्या सामानाचं फ्रँकफर्टला. सोपा उपाय म्हणजे टॅक्स-फ्रीची सगळी खरेदी एकाच बॅगेत ठेवा आणि विमानतळावर जरा लवकर पोचा.

आणि हो, इथे राहणाऱ्या नातेवाइकाने 'माझ्या कार्डावर घे' म्हटलं तरी परतावा पाहुण्याच्या पासपोर्टावरच मिळतो.

मुगाची_डाळ

आम्ही दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. दोन आठवडे अपार्टमेंट घेतलंय, स्वयंपाक घरीच करणार. वाणसामान कुठे घ्यायचं, लेबल कसं वाचायचं, आणि पुण्याहून काय काय न्यायचं? बायको तूप, चितळ्यांची बाकरवडी, कढीपत्ता आणि हापूसची पेटी अशी यादी करून बसली आहे.

पैलतीर

मुगाची_डाळ, आधी यादी दुरुस्त करू. युरोपियन संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, चक्का घरीच राहू द्या. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटतात. म्हणजे हापूस नाही आणि कढीपत्ताही नाही. बाकरवडी, चिवडा, मसाले, डाळी, पोहे खुशाल आणा.

तुपाचं दुःख करू नका. इथलं लोणी फार चांगलं आहे. 'सुओलातोन' लिहिलेलं लोणी घ्या, म्हणजे बिनमिठाचं. साधं पाकीट उचललंत तर ते खारं निघेल. मंद आचेवर कढवलंत की घरभर वास सुटतो. ताकासाठी 'पीमा' घ्या, कढी उत्तम होते. श्रीखंडासाठी 'राहका' मिळतो, तो जवळपास तयार चक्काच. पण आंबटपणा वेगळा असतो, म्हणून मी राहका आणि दाट तुर्की दही अर्धं अर्धं घेतो. वेलची सगळीकडे मिळते, कारण इथल्या 'पुल्ला' या गोड पावात ती घालतातच. शेपू हवा तेवढा, कारण बटाट्याबरोबर, सॅलडमध्ये, सूपमध्ये तो असतोच. उन्हाळ्यात बाजारात कोवळे नवे बटाटे आले की शेपू घालून नुसते उकडून लोण्याबरोबर खा.

डाळ, पिठं, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या हेलसिंकी आणि एस्पोतल्या भारतीय दुकानांत मिळतात. हाकानिएमी चौकाच्या आजूबाजूला आशियाई दुकानं आहेत. मेट्रोने उतरलं की समोरच, आणि शेजारीच १९१४चं मंडईचं जुनं बांधकाम आहे. नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. वर किमती थोड्या चढ्या, पण बघण्यासारखं.

लेबलं फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत असतात. फोनवर भाषांतर होतंच, पण एवढे शब्द लक्षात ठेवा म्हणजे दर वेळी फोन काढायला नको. 'काना' कोंबडी, 'कानानमुना' अंडं, 'काला' मासा, 'नाउता' गाईचं मांस, 'सिका' किंवा 'पोस्सू' डुक्कर. 'लीवाते' म्हणजे जिलेटिन, ते मऊ गोळ्यांमध्ये, काही दह्यांत आणि पुडिंगमध्ये असतं. 'वेगानी' लिहिलेलं असेल तर डोळे मिटून घ्या. चीजमध्ये 'युओक्सुते', म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, कोणतं आहे ते बघा, 'मिक्रोबीनेन' असेल तर ते प्राणिज नाही. राय पिठाच्या पारीत भाताची खीर भरलेल्या 'कार्यालानपीराक्का' शाकाहारी असतात, पण त्यावर अंडं-लोणी लावून देतात, म्हणून बेकरीत नुसत्या मागा.

दुकानांबद्दल. के आणि एस ही दोन मोठी घराणी. के-मार्केट आणि सिटीमार्केट एकाची, एस-मार्केट, आलेपा आणि प्रिझ्मा दुसऱ्याची. त्यांच्याशिवाय लिडल. आठवड्याचा बाजार प्रिझ्मा किंवा लिडलला करा, कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात तीच वस्तू महाग पडते. किमतीच्या पट्टीवर दोन आकडे दिसले तर खालचा बहुधा सभासद कार्डवाल्यांचा असतो. तुमच्याकडे कार्ड नसेल, तेव्हा वरचा धरा. पट्टीच्या कोपऱ्यात किलोचा किंवा लिटरचा भाव असतो, मी तुलना नेहमी त्यावरूनच करतो.

सुटी फळं-भाज्या के आणि एसच्या दुकानांत आपणच वजन करायची. फळाच्या पाटीवर क्रमांक असतो, तो काट्यावर दाबला की चिठ्ठी येते, ती पिशवीला चिकटवायची. हे न करता काउंटरवर गेलात तर मागे रांग थांबते. लिडलमध्ये वजन काउंटरवरच होतं.

मुदत संपत आलेल्या मालावर लाल चिठ्ठी लावून ३०% सूट असते. रात्री नवाच्या सुमारास एस घराण्याच्या बऱ्याच दुकानांत तीच सूट ६०%पर्यंत जाते. ब्रेड, दही, सॅलडं त्या वेळी घ्यावीत. इथे खाणं वाया घालवणं लोकांना मनापासून आवडत नाही, चांगल्या हुद्द्यावरची माणसंही त्या शेल्फपाशी उभी दिसतात.

बाटलीवर अनामत असते, 'पान्त्ती'. कॅनला १५ सेंट, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला २० आणि दीड लिटरच्या बाटलीला ४० सेंट. दुकानाच्या दारापाशी यंत्र असतं, रिकामी बाटली आत टाकायची, चिठ्ठी घ्यायची आणि बिलातून वळती करायची. बाटली चेपू नका, यंत्राला शिक्का वाचता आला पाहिजे. पण मुळात पाणी विकत घेऊच नका. नळाचं पाणी सुरेख आहे, हेलसिंकीचं पाणी पाइयान्ने सरोवरातून बोगद्याने येतं. घरची बाटली भरून निघा.

औषधं सुपरमार्केटात मिळत नाहीत. साधं पॅरासिटामॉलसुद्धा 'आप्तेक्की'त, म्हणजे हिरव्या फुलीच्या दुकानातच. ताप, सर्दी, पोटाची नेहमीची औषधं चिठ्ठीसह भारतातून आणा.

तांबडी_माती

सगळं छान, पण एका गोष्टीवर मी असहमत आहे. माझ्या मुलीला मूमिनचं वेड आहे. मूमिनचा मग थायलंडमध्ये बनतो म्हणून तो घेऊ नये, हे मला पटत नाही. ती पात्रं तूवे यान्सोन यांनी निर्माण केलेली, चित्रं त्यांच्या रेखाटनांवरून घेतलेली. मुलीसाठी ती फिनलंडचीच आठवण आहे. कारखाना कुठे आहे याने तिच्या आनंदात काय फरक पडतो?

इंद्रायणी

तांबडी_माती, तुमच्या मुलीने मग जरूर घ्यावा. आमच्याही घरात आहे, रोज वापरात आहे, आणि तो खरंच दणकट असतो. माझा आग्रह एवढाच की ज्याला 'फिनलंडमध्ये घडलेलं काहीतरी' हवं आहे त्याने बुड उलटून बघावं, म्हणजे पैसे कशाचे दिले ते कळतं. कंपनी ते लपवत नाही, बुडाशी स्पष्ट लिहिलेलं असतं. आणखी एक सांगते. मूमिनचे काही मग ठरावीक हंगामापुरतेच निघतात आणि नंतर संग्राहकांत त्यांचे भाव चढतात. किर्प्पुतोरीत जुना मग स्वस्तात मिळेल या आशेवर राहू नका, इथल्या आजीबाईंना त्याची किंमत बरोबर माहीत असते. मुलीसाठी साधा, सध्या दुकानात असलेला घ्या.

तांबडी_माती

हे पटलं. धन्यवाद. ऑफिससाठी पंधरा-वीस जणांना काय आणावं? चॉकलेट सोडून.

भटकभवानी

चॉकलेट सोडू नका हो! 'फाझर'चं निळ्या कागदातलं चॉकलेट १९२२ पासूनचं आहे, दुधाची चव खूप सरस. विमानतळावर नको, सुपरमार्केटातून घ्या.

दुसरं, झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं च्युइंगगम. झायलिटॉलने दातांची कीड रोखली जाते याचा अभ्यास १९७०च्या दशकात तुर्कू विद्यापीठात झाला, तेव्हापासून इथे घरोघरी ते खाल्लं जातं. हलकं, स्वस्त, आणि देताना सांगायला गोष्टही आहे. फक्त कुत्रा असलेल्या घरी देताना बजावून सांगा, कुत्र्यांना झायलिटॉल विषारी असतं.

कॉफी. माणशी कॉफी पिण्यात फिनलंड जगात अगदी वरच्या रांगेत. 'पाउलिग' १८७६ पासून आहे. इथली भाजणी हलकी असते, त्यामुळे आपल्या फिल्टर कॉफीच्या चाहत्यांना ती पाणचट वाटेल. काळी कॉफी पिणाऱ्यालाच द्या.

'सालमियाक्की' ही खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी. त्यात खरोखरचा नवसागर असतो. इथली मुलं आवडीने चघळतात. एखादं पाकीट चवीला घ्या, पण वीस जणांना वाटायला नको.

बायकांसाठी 'लुमेने'ची छोटी क्रीमं. घरातल्या जवळच्यांसाठी 'कालेवाला'चे दागिने, ही कंपनी १९३७ पासून प्राचीन अवशेषांवरून नक्षी घेऊन दागिने घडवते. चांदीचे महाग पडतात, कांस्याचे आवाक्यात असतात आणि कॉटनच्या साडीवर इतके शोभतात की बस्स! आणि 'लापुआन कांकुरित'चे लिननचे टॉवेल, सुरुवातीला खरखरीत वाटतात, दहा धुण्यांनंतर मऊ होतात.

रानफूल

सासऱ्यांसाठी एक बाटली घ्यायची आहे, आणि नाताळच्या दिवसांत दुकानं किती बंद असतात?

पैलतीर

कडक दारू फक्त 'आल्को' या सरकारी दुकानात मिळते, आणि ते रविवारी बंद असतं, शनिवारीही संध्याकाळी सहापर्यंतच. सुपरमार्केटात बिअर आणि ८%पर्यंतची वाइनसारखी पेयं मिळतात, तीही सकाळी ९ ते रात्री ९.

२०१६ पासून दुकानांच्या वेळांवरची बंधनं उठली, त्यामुळे एरवी रविवारीही दुकानं चालू असतात. पण २४ डिसेंबरला दुपारनंतर शहर थांबतं. इथे खरा सण नाताळच्या आदल्या संध्याकाळचा. २५लाही फार थोडं उघडं असतं. २३ला दोन दिवसांचा बाजार करून ठेवा, विशेषतः दूध आणि ब्रेड. खरेदीसाठी येत असाल तर नाताळनंतरचे दिवस आणि जानेवारी चांगले, तेव्हा 'आले'च्या, म्हणजे सेलच्या पाट्या लागतात आणि थंडीच्या कपड्यांवर मोठी सूट मिळते. जूनमध्ये येणाऱ्यांनी युहान्नुसचा, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाचा शनिवार-रविवार सांभाळावा, तेव्हा हेलसिंकी रिकामं होऊन सगळे सरोवराकाठच्या झोपडीत जातात.

रोख रक्कम फार बाळगू नका, मंडईतसुद्धा कार्ड चालतं. यंत्राने 'रुपयांत की युरोत' असं विचारलं तर युरोच निवडा, रुपये निवडलेत तर दर तुमच्या विरुद्ध लावला जातो. रोखीने दिलंत तर बिल पाच सेंटच्या पटीत येईल, इथे एक आणि दोन सेंटची नाणी वापरत नाहीत.

मुगाची_डाळ

पैलतीर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हापूसची पेटी रद्द झाली आहे, बायकोने ते शांतपणे घेतलं. आम्ही जुलैमध्ये येतोय, तेव्हा तिकडची कुठली फळं खावीत?

पैलतीर

जुलै म्हणजे पर्वणीच. स्ट्रॉबेरी बाजारात लिटरच्या मापाने विकतात, माप भरून कागदी पिशवीत ओततात. दिवस मोठा आणि ऊन तिरपं, त्यामुळे फळ लहान पण गोडीला अप्रतिम. शेंगांतले मटारही लिटरने घ्या आणि कच्चेच सोलून खात फिरा, इथे सगळे तेच करतात. पाटीवर 'कोतिमाइनेन' असेल तर माल इथला. जुलैअखेरीला जंगलात रानटी ब्लूबेरी पिकते. ती कुणाच्याही मालकीच्या रानातून मोकळेपणाने तोडायचा हक्क इथे सर्वांना आहे, पाहुण्यांनाही. एस्पोच्या नुउक्सिओ राष्ट्रीय उद्यानात डबा घेऊन जा, बसने जाता येतं. घराच्या अंगणातलं मात्र तोडायचं नाही.

'लाक्का' ही केशरी बेरी उत्तरेच्या दलदलीत होते आणि ती महाग असते. ताजी परवडली नाही तर मुरंबा घ्या.

खडकवासलाकर

मुरंबा हातातल्या बॅगेत चालेल का? आणि वर सांगितलेली मार्तीनीची सुरी?

इंद्रायणी

दोन्ही मोठ्या बॅगेत. मुरंबा सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, आणि सुरी तर हातात नेताच येत नाही. सुरी तिच्या चामड्याच्या म्यानात घालून मोज्यात गुंडाळा. काच आणि अराबियाच्या बशा लोकरी कपड्यांमध्ये, बॅगेच्या मधोमध. बशा उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, त्या दाबाने तडकतात. मुरंब्याची बरणी दोन पिशव्यांत बांधून बशांपासून लांब ठेवा. आणि टॅक्स-फ्रीची खरेदी त्याच बॅगेत असेल तर ती सगळ्यात वर, कस्टम्सने दाखवायला सांगितली तर खालची बांधाबांध सोडावी लागू नये.